मोल्सवर्थ: कोशावरचं हे आडनाव आलं कुठून आणि पोचलं कुठे?

शब्दवेल्हाळ

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपल्याकडे इतका मुरला आहे की हे एका माणसाचं आडनाव आहे हेच विसरायला होतं. ‘मोल्सवर्थ काय म्हणतो?’ असं आपण सहज विचारतो. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, कंपनी सरकारच्या लष्करातला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांच्या मदतीने त्याने केलेली कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. साठ हजारांच्या घरात शब्द असलेली दुसरी १८५७ ची. पुढे १९७५ मध्ये पुण्यातून तिचं पुनर्मुद्रण निघालं आणि तीच प्रत आज बहुतेकांच्या कपाटात असते.

गेले काही महिने मी मात्र आडनावाच्या मागे लागलो आहे. हे काही स्मिथ किंवा टेलरसारखं गल्लोगल्ली भेटणारं आडनाव नाही. इंग्लंडमध्ये आयुष्य काढलेल्यांनाही मोल्सवर्थ नावाचा शेजारी भेटलेला नसतो. पण नकाशा उघडला तर नाव दूरदूर दिसतं. इंग्लंडच्या मध्यभागी एक छोटं गाव, डब्लिनमध्ये रस्ता, वेलिंग्टनमध्ये रस्ता, आणि न्यूझीलंडचं सर्वांत मोठं शेत, एक लाख ऐंशी हजार हेक्टरांचं, तेही मोल्सवर्थच.

प्रश्न असा की हे सगळे एकाच घराण्यातले का? दुर्मिळ आडनाव असलं म्हणजे ते लावणारे सगळे एकमेकांचे नातेवाईक, असं धरून चालता येतं का? माझं मत, नाही. पण इथे इंग्लंड-आयर्लंडमध्ये राहणारी मंडळी आहेत, वंशावळी खणणारेही आहेत. तुमच्याकडून ऐकायचं आहे.

चकली

वाचतेय. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थ माझ्याकडे दिवसभर उघडा असतो. माणसाबद्दल कधी विचारच केला नव्हता.

धुकेपाऊस

मी केंब्रिजजवळ राहते, त्यामुळे गावाचं मी सांगते. मोल्सवर्थ हे पूर्वी हंटिंगडनशर परगण्यात होतं, १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये मोडतं. शेजारच्या ब्रिंग्टनशी मिळून त्याची एकच पॅरिश (स्थानिक कारभाराचा सर्वांत छोटा विभाग) आहे. हंटिंगडनहून केटरिंगकडे जाणाऱ्या ए-१४ वरून आत वळलं की थोड्या उंचावर गव्हाची मोठमोठी शेतं लागतात आणि मधे एक चर्च, थोडी घरं. १०८६ सालच्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे जमीनजुमल्याच्या सरकारी मोजणीत, या गावाची नोंद आहे. ‘मूल’ नावाच्या कुणा सॅक्सन माणसाची कुंपण घातलेली वाडी, असा नावाचा अर्थ लावतात. वँड्सवर्थ, टॅमवर्थ, केनिलवर्थ यांच्यातला ‘वर्थ’ तोच.

पण या गावात मोल्सवर्थ आडनावाचा माणूस शोधायला जाऊ नका. इंग्लंडमध्ये आडनावं साधारण १०६६ ते १४०० च्या दरम्यान स्थिरावली. गावावरून पडलेलं आडनाव गाव सोडून गेलेल्याला चिकटतं. जो गावातच राहिला त्याला शेजारी ‘मोल्सवर्थचा जॉन’ कशाला म्हणतील? तिथे सगळेच मोल्सवर्थचे. चार गावं ओलांडून दुसरीकडे स्थायिक झाला की मग ती ओळख उपयोगी पडते.

कोकणकडा

+१. पेणकरांची घरं पेणमध्ये किती आणि मुंबईत किती, ते बघा.

अवखळ

शब्दवेल्हाळ, तुमच्या मताशी मी सहमत नाही. या आडनावाची वंशावळ छापील स्वरूपात उपलब्ध आहे आणि ती बरीच सलग आहे. पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातला (१२७२–१३०७) सर वॉल्टर द मोल्सवर्थ, बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशरचा शेरीफ (राजाने नेमलेला परगण्याचा अधिकारी), इथून ती सुरू होते. त्याचे वंशज नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये हेल्पस्टन, फॉदरिंगे या भागात दिसतात. पहिल्या एलिझाबेथच्या काळात जॉन मोल्सवर्थ डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीचा हिशेबतपासनीस म्हणून पार पश्चिमेला गेला आणि बॉडमिनजवळचं पेनकॅरो हे त्या शाखेचं घर झालं. दुसरी शाखा आयर्लंडला गेली आणि तिला व्हायकाउंट ही सरदारकीची पदवी मिळाली. म्हणजे कॉर्नवॉलचे बॅरोनेट (वंशपरंपरेने ‘सर’ म्हणवणारे) आणि आयर्लंडचे व्हायकाउंट एकाच खोडाच्या दोन फांद्या. इतकं दुर्मिळ आडनाव, मूळ गाव एकच, आणि वंशावळ हाताशी. मग दुसरं घराणं आणायचं कुठून?

शब्दवेल्हाळ

अवखळ, ही वंशावळ मीही पाहिली आहे. पण अशी पुस्तकं छापली गेली ती जमीनजुमला आणि पदवी असणाऱ्यांसाठी. ज्या काळात सर वॉल्टर शेरीफ होता, त्याच काळात त्याच गावातून एखादा मेंढपाळ किंवा सुतार पीटरबरोला गेला असेल, तर त्यालाही लोकांनी हेच नाव लावलं असेल. त्याची वंशावळ कोण छापणार? १३७७, १३७९ आणि १३८१ साली माणशी कर बसवला गेला, त्याच्या याद्यांमध्ये अशी गावावरून पडलेली नावं ढिगाने सापडतात आणि त्यातले बहुतेक जण साधे कष्टकरी आहेत. आडनावाचा इतिहास लिहायचा तर तो त्यांच्यासकट लिहावा लागेल. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

लिफीकाठ

डब्लिनहून. मोल्सवर्थ स्ट्रीट माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. आखूड रस्ता, पण त्याचं एक टोक किल्डेर स्ट्रीटवर बरोबर लेन्स्टर हाउससमोर निघतं. लेन्स्टर हाउस म्हणजे आयर्लंडची संसद. याच रस्त्यावर फ्रीमेसन मंडळींचं मोठं सभागृह आहे. बाकी सगळं काचेच्या कार्यालयांनी भरत चाललंय.

ज्याच्या घराण्यावरून रस्त्याला नाव पडलं तो रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) जन्माने डब्लिनचाच. बाप क्रॉमवेलच्या बाजूचा, व्यापारी. रॉबर्ट डेन्मार्कला इंग्लंडचा राजदूत म्हणून गेला, तिथल्या दरबाराशी बिनसलं, परत येऊन १६९४ मध्ये त्याने डेन्मार्कच्या राज्यकारभारावर पुस्तक लिहिलं. राजाच्या हाती सगळी सत्ता गेली की प्रजेचं काय होतं, हा त्याचा गाभा. डेन्मार्कने अधिकृत तक्रार केली, पुस्तक आणखी खपलं. १७१६ मध्ये तो व्हायकाउंट झाला. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटून हजारो घरं बुडाली, तेव्हा संसदेत त्याने सुचवलं की रोमन लोक पितृहत्या करणाऱ्याला पोत्यात शिवून टायबर नदीत टाकत, या संचालकांना आपण थेम्समध्ये टाकू.

मिरजमळा

पोत्यात घालून नदीत! असा खासदार हवा.

लिफीकाठ

थांबा, मूळ प्रश्नाबद्दल एक गोष्ट राहिली. आयर्लंडमधल्या साध्या मोल्सवर्थ कुटुंबांचा माग काढणं फार कठीण आहे. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात फोर कोर्ट्स इमारतीतला सरकारी दफ्तरखाना जळाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या जनगणनेच्या वह्या जवळजवळ सगळ्या गेल्या, शिवाय कितीतरी पॅरिशांच्या नोंदवह्या. १९०१ आणि १९११ ची जनगणना शाबूत आहे आणि फुकट बघता येते. म्हणजे ज्यांच्याकडे पदवी होती त्यांचा इतिहास छापील पुस्तकांमुळे वाचला. ज्यांच्याकडे नव्हती त्यांचा राख झाला. शब्दवेल्हाळ म्हणतात त्याला इथे असा दुजोरा मिळतो.

दक्षिणवारा

वेलिंग्टनमधून नमस्कार. आमचा मोल्सवर्थ स्ट्रीटही संसदेला लागूनच आहे! एका बाजूला संसदेचं आवार, समोर राष्ट्रीय ग्रंथालय, पुढे सेंट पॉलचं कॅथीड्रल. डब्लिनचा रस्ता आयरिश शाखेचा, आमचा कॉर्नवॉलच्या शाखेचा. पेनकॅरोचा सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) न्यूझीलंड कंपनीत होता आणि त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस १८४० च्या सुमाराला इथे येऊन राहिलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांपैकी.

आणि बंदराच्या तोंडाशी जो सुळका आहे त्याचं नाव पेनकॅरो हेड. कॉर्नवॉलमधल्या घराचं नाव इथल्या खडकाला! त्यावर १ जानेवारी १८५९ ला न्यूझीलंडचा पहिला कायमचा दीपस्तंभ पेटला आणि तो सांभाळायला होती मेरी जेन बेनेट, नवऱ्यामागे मुलांना घेऊन दिवा राखणारी विधवा. तिच्यानंतर आजपर्यंत या देशात दुसरी बाई दीपस्तंभाची राखणदार झाली नाही. वाऱ्याच्या दिवशी तिथे चालत जाऊन बघा, उभं राहता येत नाही. या बाईने वर्षानुवर्षं तिथे काढली. मला मोल्सवर्थपेक्षा तिच्याबद्दल जास्त आदर वाटतो.

चकली

दक्षिणवारा, बेनेटबाईंवर वेगळा धागा काढाच.

धुकेपाऊस

सर विल्यमचं नाव निघालंच आहे तर झाडाची गोष्ट सांगते. चिलीच्या डोंगरातलं ते काटेरी, खवल्याखवल्यांचं सूचिपर्णी झाड, अराउकारिया, आपल्याकडे हिल स्टेशनच्या बंगल्यांत त्याचे भाऊबंद दिसतात. पेनकॅरोच्या बागेत ते तेव्हा नवलाईचं होतं. तिथे आलेल्या चार्ल्स ऑस्टिन या वकील मित्राने पानांना हात लावला आणि म्हणाला, यावर चढायचं तर माकडालाही कोडं पडेल. तेव्हापासून इंग्रजीत त्या झाडाला मंकी पझल म्हणतात. पेनकॅरोची बाग लोकांना बघायला खुली आहे.

हाच सर विल्यम हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाच्या समग्र ग्रंथांचा संपादक. १८३९ ते १८४५ मध्ये सोळा खंड काढले, तेही पदरच्या पैशाने. कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा अध्यक्ष तोच. १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाला आणि तीनएक महिन्यांत वारला, पंचेचाळिसाव्या वर्षी, मूलबाळ न होता. पदवी चुलतघराण्यात गेली.

रूळकरी

मी रेल्वेतून स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालो. आमच्या जुन्या साहेब लोकांच्या तोंडी मोल्सवर्थ म्हणजे कोश नव्हे, तर इंजिनिअरिंगच्या सूत्रांचं खिशात मावणारं पुस्तक. बोटभर जाडीचं, आडवं, बारीक टायपातलं. तुळईवरचा भार, पाण्याचा प्रवाह, चढाचा हिशेब, सगळं त्यात. आमच्या विभागीय कार्यालयाच्या कपाटात एक प्रत होती. मागच्या कोऱ्या पानांवर कुणीतरी पेन्सिलीने घाटातल्या वळणांच्या त्रिज्या टिपून ठेवल्या होत्या. नवीन पोरांना ती प्रत हाताळायला देताना आमचे वरिष्ठ आधी हात धुवायला लावत.

लेखक सर गिलफर्ड मोल्सवर्थ (१८२८–१९२५). आधी सिलोनमध्ये कोलंबो–कँडी रेल्वेचं काम त्याच्या हाताखाली झालं, ती १८६७ ला कँडीला पोचली. मग १८७१ पासून १८८९ पर्यंत हिंदुस्थान सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार अभियंता. म्हणजे कोशाचा मोल्सवर्थ १८५७ ला आपलं काम पुरं करतो आणि त्यानंतर चौदा वर्षांनी त्याच आडनावाचा दुसरा माणूस रुळांच्या कामावर इथे येतो.

गिलफर्डचे वडील जॉन एडवर्ड नसाउ मोल्सवर्थ हे लँकेशरमधल्या रॉचडेलचे व्हिकर, म्हणजे पॅरिशचे मुख्य पाद्री, होते, १८३९ पासून १८७७ पर्यंत. चर्चसाठी सगळ्यांवर कर बसवावा की नाही यावरून त्यांचं आणि रॉचडेलचेच सुधारणावादी राजकारणी जॉन ब्राइट यांचं जाहीर भांडण गाजलं होतं. म्हणजे हे नाव मध्य इंग्लंडमधून निघून लँकेशरच्या गिरणगावात जायचं कारण चर्चची नोकरी.

सहकारपंढरी

रॉचडेल! सहकाराची पदविका केलेल्या कुणालाही महाराष्ट्रात हे गाव पाठ असतं. १८४४, टोड लेन, विणकरांचं सहकारी दुकान, ज्याच्यापासून आधुनिक सहकारी चळवळ मोजतात. या व्हिकरसाहेबांचा मोठा मुलगा विल्यम नसाउ मोल्सवर्थ, तोही पाद्री, पण सहकारी चळवळीच्या आणि ब्राइटच्या बाजूचा. बाप एका बाजूला, लेक दुसऱ्या. त्याने इंग्लंडच्या राजकीय सुधारणांचा इतिहास लिहिला आहे.

गणितमास्तर

दुर्मिळ आडनावं दुर्मिळ का होतात यावर गणितात एक सुंदर काम झालं आहे. फ्रान्सिस गाल्टनला प्रश्न पडला की जुनी प्रतिष्ठित आडनावं नाहीशी का होतात? त्याने १८७३ मध्ये तो प्रश्न एका नियतकालिकात जाहीर विचारला, हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने उत्तर पाठवलं, आणि १८७४ मध्ये दोघांचा लेख छापून आला.

थोडक्यात असं. आडनाव मुलाकडून पुढे जातं असं धरा. एका माणसाला शून्य, एक, दोन, तीन मुलगे व्हायची काहीएक शक्यता आहे. सरासरी बरोबर एक मुलगा असेल, तर लोकसंख्या स्थिर राहील, पण कोणतंही एक आडनाव कधी ना कधी संपणारच, ही खात्री आहे. सरासरी एकापेक्षा जास्त असली तरी सुरुवातीच्या काही पिढ्यांतच बरीचशी आडनावं विझतात. जी त्यातून तरतात ती मग फोफावतात. वॉटसनने घाईत सगळीच आडनावं संपतील असा निष्कर्ष काढला, तो चुकला होता. पुढच्यांनी तो दुरुस्त केला.

आता अवखळ यांच्या मुद्द्याकडे. समजा चौदाव्या शतकात मोल्सवर्थ गावातून बाहेर पडून हे नाव लावणारी दहा कुटुंबं होती. १३४८–४९ ची प्लेग त्यांच्यातल्या काहींना घेऊन गेली असेल, उरलेल्यांपैकी काही निव्वळ मुली झाल्यामुळे संपली असतील. आज एक किंवा दोनच उरणं अगदी शक्य आहे. म्हणजे सुरुवात अनेकांनी होऊनही शेवटी घराणं एकच उरू शकतं. तुम्ही दोघेही बरोबर ठरू शकता!

अवखळ

मास्तर, हे पटलं. पण मग श्रीमंत शाखा टिकण्याची शक्यता जास्त, नाही का? पोटभर अन्न, दुसरं लग्न, तिसरं लग्न.

गणितमास्तर

मुलगे जास्त जगत, हे खरं. पण सर विल्यमचं बघा. पैसा होता, पदवी होती, मूल नाही. प्रत्येक शाखेपुढे तोच फासा पडतो.

हिरवीचिंच

मुलींमुळे आडनाव संपतं हे वाक्य वाचून लिहायला घेतलं. या आडनावाने साहित्यात मोठं नाव कमावलं ते एका बाईने, आणि तिला ते लग्नाने मिळालेलं. मेरी लुइझा मोल्सवर्थ, माहेरची स्ट्युअर्ट, जन्म १८३९ चा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. १८६१ मध्ये मेजर रिचर्ड मोल्सवर्थशी लग्न झालं, तो व्हायकाउंटचा पुतण्या. तिच्या मुलांसाठीच्या गोष्टी व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये घराघरांत वाचल्या जात. म्हणजे वंशशास्त्रज्ञ जिला ‘आडनावाबाहेरची’ म्हणतील तिनेच ते आडनाव छापखान्यात जिवंत ठेवलं.

उलटही होतं. पेनकॅरोच्या शाखेतल्या एका पाद्रीबुवांना सेंट ऑबिन घराण्याची क्लोअन्सची मालमत्ता मिळाली, त्यासाठी त्यांनी सेंट ऑबिन हे नाव लावलं. आज ते घराणं मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडआडनाव लावतं. बाईकडून आलेल्या जमिनीपुढे पुरुषाचं आडनाव वाकतं, हे इंग्लंडमध्ये सर्रास घडलेलं आहे.

आणि एक गोष्ट, जी कुणी काढली नाही. या घराण्याला बॅरोनेटपद मिळालं ते १६८९ मध्ये हेंडर मोल्सवर्थला. हा जमैकाचा प्रभारी गव्हर्नर होता, आणि त्याआधी तिथे रॉयल आफ्रिकन कंपनीचा दलाल. ही कंपनी आफ्रिकेतून माणसं पकडून आणून विकणारी. पदवीची सुरुवात तिथून आहे. १८३० च्या दशकात गुलामगिरी संपल्यावर कॅरिबियन बेटांवर सुटका झालेल्या अनेकांच्या नावापुढे जुन्या मळेवाल्यांची इंग्रजी आडनावं आली. त्यामुळे कॅरिबियन लोकांत एखादं दुर्मिळ इंग्रजी आडनाव दिसलं की ‘व्वा, आपल्या घराण्याची शाखा!’ म्हणून खूश होण्याआधी ते तिथे कसं पोचलं हे विचारावं.

शब्दवेल्हाळ

हिरवीचिंच, हे इथे नोंदलंत ते फार बरं केलंत. छापील वंशावळीत हेंडरच्या नावापुढे फक्त ‘जमैकाचा गव्हर्नर’ एवढंच येतं.

जनुकवेल

आता विज्ञानाचं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले. साइक्स हे यॉर्कशरकडचं आडनाव, ओढ्याकाठी राहणारा अशा अर्थाचं, त्यामुळे ते अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं असावं असा समज होता. निघालं असं की जवळजवळ निम्म्या पुरुषांचं वाय गुणसूत्र एकसारखं होतं, म्हणजे मूळ पुरुष बहुधा एक.

नंतर लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी बऱ्याच आडनावांवर काम केलं. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या सांगाड्याची ओळख पटवण्यात होत्या त्याच किंग. त्यांना आढळलं की आडनाव जितकं दुर्मिळ तितका दोन अनोळखी माणसांचा पूर्वज एक असण्याचा संभव वाढतो. स्मिथमध्ये काहीच साम्य नाही, दुर्मिळ आडनावांत बरंच. हा कौल अवखळ यांच्या बाजूचा. पण तो संभव आहे, पुरावा नव्हे. प्रत्येक आडनाव वेगळं तपासावं लागतं. शिवाय दत्तक, आईचं आडनाव लावलेलं मूल, विधवेच्या दुसऱ्या नवऱ्याचं नाव लागलेली मुलं, या सगळ्यांत आडनाव एक आणि गुणसूत्र दुसरंच. त्यांना त्या घराण्यातलं नाही म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

धुकेपाऊस

अवखळ, ‘मूळ गाव एकच’ हा तुमचा आधारही जरा तपासायला हवा. चेशरमध्ये, चेस्टरजवळ, मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे. मोल्सवर्थशी त्याचा काही संबंध नाही, नावाची व्युत्पत्तीही निराळी. पण १६००–१७०० मधला पाद्री कानाला जे ऐकू येईल ते नोंदवहीत उतरवत असे. ‘ड’ गिळला की मोल्ड्सवर्थचा मोल्सवर्थ झाला. लँकेशर चेशरला लागून आहे. त्यामुळे त्या बाजूच्या एखाद्या मोल्सवर्थ विणकराला हंटिंगडनशरच्या शेरीफचा वंशज ठरवण्याआधी चेशरकडे बघायलाच हवं. शिवाय त्याच नोंदवह्यांत एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याला एक, लग्नाला दुसरं आणि दफनाला तिसरं असं लिहिलेलं सर्रास सापडतं.

अवखळ

चेशरचं गाव हा दमदार मुद्दा आहे. माझं म्हणणं मी आता एवढंच ठेवतो की पदवीवाल्या दोन शाखा एक आहेत. बाकीच्यांसाठी काम करावं लागेल.

कोकणकडा

बॉम्बर विमानांचा तळ होता तो हाच गाव ना? मोल्सवर्थ नाव मी पहिल्यांदा त्या संदर्भात वाचलं.

धुकेपाऊस

हो, हाच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ३०३ व्या बॉम्बर गटाची बी-१७ विमानं इथून उडत. १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं तेव्हा शांतता चळवळीच्या लोकांनी तळाच्या जमिनीवर तंबू ठोकले, आयरीनी नावाच्या छोट्या प्रार्थनाघराची भिंतही उभारली. फेब्रुवारी १९८५ मध्ये संरक्षणमंत्री मायकेल हेझल्टाइन यांनी रात्रीतून सैनिक आणि पोलीस आणून ती जागा रिकामी करवली आणि लगोलग तारेचं कुंपण घातलं. १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर क्षेपणास्त्रं गेली. त्या काळात ब्रिटिश वर्तमानपत्रांत मोल्सवर्थ म्हणजे कुंपण आणि चिखल.

शब्दवेल्हाळ

चर्चा मूळ प्रश्नावर आणून पुढचं काम मांडतो. वरून खाली येणाऱ्या वंशावळी पुरे झाल्या, आता खालून वर जायचं. १८८१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना स्वयंसेवकांनी पूर्ण उतरवून काढली आहे, त्यातून प्रत्येक मोल्सवर्थ कुटुंब, त्याचा परगणा, व्यवसाय आणि जन्मगाव घ्यायचं. तिथून १८५१ पर्यंत मागे. १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी आहेत, त्यापलीकडे १५३८ पासूनच्या पॅरिश नोंदवह्या. जिथे दोन रेषा जुळतील तिथे जोडायच्या, जुळल्या नाहीत तर तशाच वेगळ्या ठेवायच्या, ओढूनताणून शेरीफाला नेऊन चिकटवायच्या नाहीत. इंग्लंडमध्ये १९७९ पासून एकेका आडनावाचा असा अभ्यास करणाऱ्यांची गिल्ड आहे, त्यांची शिस्तही हीच.

माझा अंदाज, निदान दोन वेगळी मुळं निघतील. एक हंटिंगडनशरचं, एक चेशरचं.

हिरवीचिंच

जोडीला बायकांची माहेरची नावंही टिपा. सप्टेंबर १९११ पासूनच्या जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव असतं, दोन सारख्या नावांची कुटुंबं वेगळी काढायला त्याचा फार उपयोग होतो.

मिरजमळा

मुंबई इलाख्यात जन्मलेले-मेलेले मोल्सवर्थ कुठे सापडतील? आपल्या भागातल्या जुन्या कॅम्पांच्या दफनभूमीत अशी नावं वाचलेली आहेत, म्हणून विचारतोय.

रूळकरी

मिरजमळा, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या इलाखावार नोंदी तेव्हा दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. मुंबईची मालिका वेगळी आहे. हिंदुस्थानात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांचा शोध घेणारी एक संस्था आहे, फिबिस नावाची, तिच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. शोधताना मोल्सवर्थ, मोल्ड्सवर्थ, दोन्ही वर्णलेखनं टाका. आणि तुमच्या भागातल्या दफनभूमीतल्या दगडांचे फोटो काढलेत तर इथे टाका. अक्षरं झिजत चालली आहेत, तिरक्या उन्हात, सकाळी लवकर काढलेत तर नीट उठतात.

मिरजमळा

रविवारी जातो. फोटो टाकतो.